फ्रीजची पाठही बघा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गौरी-गणपती होऊन गेले होते, घर अजून पाहुण्यांच्या पसाऱ्यातून सावरत होतं. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात दोन मुली उभ्या. हातात वही आणि बॅटरी. "ताई, आरोग्य खात्याकडून आलोय. घरात पाणी कुठं साठतं ते बघायचंय."

खरं सांगते, मी मनातून खूशच झाले. म्हटलं, बघा हो, खुशाल बघा! आमच्याकडे पाण्याचं पिंप झाकलेलं, मोरीतल्या बादल्या पालथ्या, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या. टाकीचं झाकणसुद्धा घट्ट. मुलींनी सगळीकडे बॅटरी फिरवली, वहीत खुणा केल्या. मी चहाचं आधण ठेवायला वळणार, तेवढ्यात एकीने विचारलं, "ताई, फ्रीजचा ट्रे बघू?"

मी मोठ्या उत्साहाने फ्रीजचं दार उघडलं आणि खालचा भाजीचा ट्रे बाहेर ओढला. नुकताच पुसलेला, कोथिंबीर फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ती मुलगी हसली. "हा नाही हो ताई. मागचा."

मागचा? सोळा वर्षं तो फ्रीज माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे. त्याला मागे काही ट्रे आहे, हेच मला ठाऊक नव्हतं! आम्ही तिघींनी मिळून फ्रीज हळूच पुढे ओढला. तिने बॅटरी मारली आणि मला बोलावलं. काळ्या कॉम्प्रेसरच्या डोक्यावर एक उथळ तबक होतं. त्यात बोटभर गढूळ पाणी आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या बारीक बारीक अळ्या.

मैत्रिणींनो, माझ्या पायांतलं बळच गेलं. कारण आतल्या खोलीत आमचा धाकटा झोपलेला होता आणि चार दिवसांपूर्वीच तो दवाखान्यातून घरी आला होता. डेंग्यू! आधी फणफणून ताप, मग डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ. सहा दिवस सलाईन. रोज सकाळी रक्त तपासायला जायचं आणि दुपारपर्यंत प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसायचं. त्या सहा दिवसांत मी देवाला काय काय बोलले, ते माझं मला माहीत.

त्याला चावलेला डास आमच्याच फ्रीजमागे जन्मला की त्याच्या कॉलेजच्या आवारात, हे कोण सांगणार? त्या मुलीही तसं काही म्हणाल्या नाहीत. पण मला स्वतःशी उत्तर द्यायचं होतं. रोज सकाळी ज्या कपाटाचं तोंड मी पुसत होते, त्याची पाठ सोळा वर्षांत मी एकदाही पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून मी फ्रीजचा अभ्यासच मांडला म्हणा ना! आमच्याकडे जे मेकॅनिक येतात (सासूबाई त्यांना 'फ्रीजचे डॉक्टर' म्हणतात) त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि मनातल्या सगळ्या शंका विचारल्या. काही गोष्टी धाकट्याच्या डॉक्टरांकडून कळल्या, तर काही फ्रीजबरोबर आलेल्या माहिती-पुस्तिकेतून. ती पुस्तिका सोळा वर्षं गॅरंटी कार्डाबरोबर पिशवीत पडून होती, तीही आता वाचून काढली. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

माठ आणि फ्रीज, दोघे सख्खे भाऊ

माझ्या माहेरी फ्रीज आला तो १९८४ साली. मी तेव्हा चौथीत. तो स्वयंपाकघरात नव्हे, बैठकीच्या खोलीत विराजमान झाला होता. वर क्रोशाचं विणलेलं टोपडं, त्यावर फुलदाणी. शेजारपाजारच्या बायका बर्फ मागायला यायच्या आणि आई मोठ्या कौतुकाने द्यायची. आजी मात्र शेवटपर्यंत माठातलंच पाणी प्यायली. "त्या कपाटातल्या थंडीला चव नाही," म्हणायची.

आजीला तेव्हा सांगायला हवं होतं, की माठ आणि फ्रीज हे तसे सख्खे भाऊच! माठातून पाणी पाझरतं, वाऱ्यावर त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ गार. फ्रीजमध्येही हेच घडतं. फरक एवढाच, की तिथे पाण्याऐवजी एक खास पदार्थ बंद नळ्यांतून फिरत असतो. बर्फाच्या कप्प्याजवळ त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषून घेते. खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसर असतो. तो ही वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. तिथे ती आपली उष्णता घरातल्या हवेत सोडते, पुन्हा पातळ होते आणि पुढच्या फेरीला निघते.

म्हणजे फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उन्हाळ्यात फ्रीजचं दार उघडं टाकून खोली गार होत नाही, उलट थोडी तापतेच, ती याचमुळे. आणि ही उष्णता जिथून बाहेर पडते ती जागा म्हणजे फ्रीजची पाठ. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड लपवलेल्या असतात. तेव्हा फ्रीजच्या कुशी कोमट लागल्या तर घाबरू नका. ते दुखणं नव्हे, कामाची खूण आहे.

आता तो ट्रे. आपण दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. त्या हवेतली वाफ थंड भागावर बसते आणि तिचं बर्फ किंवा पाणी होतं. ते पाणी आतल्या एका बारीक भोकातून मागे उतरतं आणि कॉम्प्रेसरवरच्या तबकात साठतं. एरवी कॉम्प्रेसरच्या उबेने ते उडून जातं. पण पावसाळ्यात हवाच इतकी ओली, की ते वाळत नाही. शिवाय सणासुदीला दार शंभर वेळा उघडतं. मग साठलेलं पाणी, ऊब, अंधार आणि कुणाची जा-ये नाही. डासाच्या मादीला बाळंतपणासाठी आणखी काय हवं?

आठवड्यातून एक दिवस

डेंग्यूचा डास बहुधा स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या जागी अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं सांगतात. आठ दिवसांच्या आत पाणी काढून टाकलं, की अळी डास होण्याआधीच संपते.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. ही गोष्ट मला त्या बॅटरीवाल्या मुलीने सांगितली आणि तिच्या पाया पडावंसं वाटलं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. तेव्हा ट्रेच्या कडा साबण लावून घासणीने खरवडून काढायला हव्यात.

काही फ्रीजमध्ये हा ट्रे सहज निघतो, काहींत तो पक्का बसवलेला असतो. निघत नसेल तर ओढाताण करू नका. फ्रीजचा प्लग काढा, कॉम्प्रेसर निवू द्या, मग जुन्या स्पंजने पाणी टिपून घ्या आणि लांब दांड्याच्या ब्रशने कडा घासा. पुढच्या वेळी मेकॅनिक आला की ट्रे कसा काढायचा ते त्याच्याकडून शिकून घ्या. आपल्या फ्रीजचा ट्रे कुठे आहे हे माहीत नसणं, यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही पन्नाशीला आल्यावरच कळलं!

मोकळा श्वास

ट्रे बघायला फ्रीज पुढे ओढलाच आहे, तर बाकीचीही पाठ बघून घ्या. आमच्या फ्रीजच्या जाळीवर सोळा वर्षांची धूळ, पिठी आणि फोडणीचा तेलकट थर यांचं मस्त घोंगडं झालं होतं. मेकॅनिक म्हणाले, "वहिनी, मे महिन्यात गोधडी पांघरून पळायला लावल्यासारखं आहे हे." उष्णता बाहेर पडली नाही, की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त जाते आणि बिचारा लवकर म्हातारा होतो.

दर तीन-चार महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने किंवा कोरड्या फडक्याने ही जाळी झाडावी. पाणी मारू नये. फ्रीज भिंतीपासून निदान वीतभर पुढे असावा. शेगडीशेजारी किंवा खिडकीतल्या उन्हात तर नकोच. आणि आपण वर काय काय रचतो, तेही एकदा पाहा. डब्यांची उतरंड, वर्तमानपत्रांची रद्दी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं गाठोडं. हे सगळं उतरवा. टोपडं घालायची हौस असेल तर वरच्यापुरतंच घाला, बाजू आणि पाठ उघडी राहू द्या. फ्रीज किंचित मागे कललेला असला, की दार आपोआप लागतं.

हात ओले आणि पाय अनवाणी असताना प्लगला हात लावू नका. हँडलला बारीकसा झिणझिण्या आणणारा झटका लागत असेल तर 'पूर्वीपासून लागतो' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण त्यातल्या मोठ्या भोकाला तारच जोडलेली नाही, असं जुन्या घरांत पुष्कळदा असतं.

दाराचं रबर

दाराच्या कडेचं रबर ही दुसरी दुर्लक्षित जागा. त्याच्या घड्यांत वरणाचे शिंतोडे, दुधाचे ओघळ बसतात, काळी बुरशी धरते आणि मग दार नीट चिकटत नाही. परीक्षा सोपी आहे. दारात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. तो अडखळत आला तर रबर ठीक. सुळकन निघून आला तर तिथून तुमची थंडीही सुळकन निघून जाते आहे. चारी बाजूंनी असं करून बघा.

लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला. त्यात फडकं बुडवून पिळा आणि रबराच्या घड्या पुसून काढा. मग कोरड्या फडक्याने टिपा. आतले खणही याच पाण्याने पुसावेत. उग्र वासाचा साबण आत वापरला तर दुसऱ्या दिवशी लोण्याला त्याचा वास लागलाच म्हणून समजा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर ते बदलून मिळतं. त्यासाठी नवा फ्रीज घ्यायची गरज नाही.

आत भाजीच्या ट्रेखाली सारखं पाणी साचतं का? मग मागे पाणी उतरायचं ते बारीक भोक तुंबलं आहे. कोथिंबिरीचं एखादं पान, कडीपत्त्याची काडी अडकलेली असते. ते भोक कोमट पाण्याने आणि प्लॅस्टिकच्या मऊ काडीने मोकळं करावं. सुई, पिन, विणायची सळई यांपैकी काही घालू नये.

बर्फावर सुरी? मुळीच नको!

ही चूक आमच्या शेजारच्या वहिनींची. त्यांच्या परवानगीनेच लिहिते. फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता आणि पाहुणे यायचे होते. वहिनींनी सुरीचं टोक लावून बर्फ फोडायला घेतला. फुस्स असा आवाज आला आणि क्षणात थंडीतली सगळी जादू निघून गेली. नळीला भोक पडलं होतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून भावजींनी दोन दिवस मौनव्रत धरलं.

बर्फाचा थर अर्ध्या बोटाइतका जाड झाला, की तो थंडी पसरू देत नाही, उलट अडवतो. साध्या फ्रीजमध्ये डीफ्रॉस्टचं बटण असतं, ते दाबावं किंवा प्लग काढून दार उघडं ठेवावं. घाई असेल तर आत गरम पाण्याचं भांडं ठेवावं, खाली जुना टॉवेल पसरावा आणि बर्फ आपणहून सुटेपर्यंत दुसरं काम उरकावं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हे काम यंत्रच करतं. पण त्याच्या आत हवा खेळवणारी भोकं असतात, त्यांच्यापुढे डबे दडपून लावू नयेत.

सुरी न वापरण्याचं आणखी एक कारण आहे. पूर्वी फ्रीजमध्ये जो वायू असे, तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला मारक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि भारतातही आता तो नव्या फ्रीजमध्ये नाही. आताच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी, पण पेट घेणारा. प्रमाण अगदी थोडं असतं आणि नळ्या बंद असतात, म्हणून एरवी धोका नाही. पण नळी फुटलीच, तर गॅस-शेगडी पेटवू नका, बटणं दाबू नका, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा. आपल्या फ्रीजमध्ये काय आहे ते मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

सासूबाईंची इन्शुलिन

गारवा जास्त म्हणजे चांगला, असा आपला एक समज असतो. मीही एका उन्हाळ्यात बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं होतं. त्याच सुमारास सासूबाईंची साखर काही केल्या उतरेना. पथ्य तेच, इंजेक्शन तेच. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध ठेवता कुठं?" घरी येऊन बघितलं, तर इन्शुलिनची कुपी मागच्या भिंतीला टेकलेली आणि तिच्यावर बर्फाचा पापुद्रा! इन्शुलिन एकदा गोठली की तिचा गुण जातो. मग ती वितळून दिसायला पहिल्यासारखी झाली तरी उपयोगाची राहत नाही. ती टाकूनच द्यावी लागते. जवळजवळ पंधरा दिवस सासूबाई फुकट सुया टोचून घेत होत्या आणि दोष बटाट्याच्या भाजीला देत होत्या.

न उघडलेली इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. मधल्या खणात, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. फ्रीजरजवळ नको आणि मागच्या भिंतीला चिकटून तर नकोच. वापरात असलेल्या कुपीचं काय करायचं, ते औषधाच्या कागदावर पाहावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

फ्रीजच्या बटणावरचे १, २, ३ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत, ते केवळ गारव्याचा जोर दाखवतात. खरं तापमान कळायला एक छोटा थर्मामीटर घ्या. मधल्या खणात पाण्याच्या पेल्यात तो रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. ३ ते ५ अंश असेल तर उत्तम. ५ च्या वर गेलं तर अन्न लवकर बिघडतं, शून्याकडे झुकलं तर काकडी आणि औषधं दोन्ही गोठतात. फ्रीजरमध्ये उणे १८ असावं.

फ्रीज म्हणजे संजीवनी नव्हे

फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत. ते गारठून हळू वाढतात, एवढंच. आत जाताना जे शिळं होतं ते बाहेर येताना ताजं होत नाही. भाताचं उदाहरण घ्या. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहतो, सकाळी लक्षात येतं म्हणून आपण तो फ्रीजमध्ये सरकवतो आणि दुपारी फोडणीला टाकतो. पण भातात काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही उरलेले असतात. उबदार हवेत ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीनेही जात नाही. म्हणून उरलेलं अन्न पसरट भांड्यात काढून निववावं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं. कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच. एक-दोन दिवसांत ते संपवावं आणि खाताना पुरतं उकळून गरम करावं. सारखं बाहेर-आत करू नये.

कच्ची मासळी, मटण नेहमी सगळ्यात खालच्या खणात आणि बंद डब्यात ठेवावं. वर ठेवलं तर त्याचं पाणी खालच्या दह्या-दुधात ठिबकतं. दूध दारात न ठेवता आतल्या खणात ठेवावं. दार हा फ्रीजचा सगळ्यात उबदार भाग असतो. तिथे लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या खुशाल असाव्यात. इडलीच्या पिठाच्या भांड्यात वर चार बोटं जागा सोडावी, नाही तर सकाळी पीठ सगळ्या खणांची पाहणी करून आलेलं असतं!

आणि काही मंडळींना फ्रीज मानवतच नाही. केळी काळी पडतात. कांदे ओल धरतात. बटाट्यांतल्या पिठाची साखर होते आणि तळताना काप काळपट होतात. पालेभाजी निवडून, कोरडी करून सुती पिशवीत ठेवावी. पिकलेली सफरचंदं आणि टोमॅटो तिच्या शेजारी नकोत. त्यांतून एक वायू निघतो आणि पालेभाजी पिवळी पडते.

वीज गेली, गावाला निघालो

लोडशेडिंगमध्ये फ्रीज उघडायचाच नाही, हा एकच मंत्र. दार बंद राहिलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. वीज आल्यावर लगेच सुरू न करता पाच मिनिटं थांबावं, कॉम्प्रेसरला दम घेऊ द्यावा. स्टॅबिलायझर असेल तर तो ही काळजी बहुधा स्वतःच घेतो. जिथे दिव्यांचा उजेड सारखा कमी-जास्त होतो, तिथे तो हवाच. नव्या काही फ्रीजना तो लागत नाही, पण कुठल्या व्होल्टेजपर्यंत, ते पुस्तिकेत बघा.

महिनाभर गावाला जाणार असाल, तर फ्रीज रिकामा करून बंद करावा. पुसून कोरडा करावा आणि दारात टॉवेलची घडी घालून ते किंचित उघडं ठेवावं. नाही तर परत आल्यावर बुरशीचा वास स्वागताला! निघण्याआधी मागचा ट्रे कोरडा करायला विसरू नका.

जुना फ्रीज काढून टाकताना मात्र एक काळजी जिवाशी गाठ असल्यासारखी घ्या. बंद फ्रीज अंगणात किंवा जिन्याखाली ठेवायचा झाला, तर आधी त्याचं दार काढून वेगळं करा. लपंडावात मूल आत शिरलं तर आत हवा नसते आणि हाकही बाहेर येत नाही. आणि तो भंगारवाल्याला देऊ नका. फ्रीज ई-कचऱ्यात मोडतो, नोंदणी असलेल्या केंद्रात किंवा नवा घेताना दुकानातच तो जमा करावा.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

दर आठवड्याला: मागचा ट्रे रिकामा करून कडा घासणे. शिळंपाकं काढून टाकणे. भाजीचा ट्रे पुसणे.

दर महिन्याला: आतले खण आणि दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने पुसणे. कागदाची परीक्षा. साधा फ्रीज असेल तर बर्फ वितळवणे.

दर तीन-चार महिन्यांनी: प्लग काढून जाळी झाडणे. पाणी उतरायचं भोक मोकळं करणे. थर्मामीटर लावून बघणे.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी: वायर, प्लग आणि अर्थिंग तपासून घेणे.

आमच्याकडे हे वेळापत्रक फ्रीजच्या दारावरच लावलं आहे. त्यातलं एक काम मात्र मी माझ्याकडे घेतलेलं नाही. रविवारी सकाळी धाकटा फ्रीज पुढे ओढतो, ट्रे काढतो, मोरीत नेऊन खसाखसा घासतो आणि उन्हात पालथा घालतो. "आई, कोरडा!" अशी आरोळी ठोकतो. सासूबाई आतून म्हणतात, "कडा घासल्यास का रे?"

यंदाच्या पावसाळ्यात त्या बॅटरीवाल्या मुली पुन्हा आल्या. मी दार उघडल्याबरोबर त्यांना सांगितलं, "आधी फ्रीजची पाठ बघा, मग चहा घ्या." त्यांनी पाठ बघितली. वहीत खूण केली. आणि चहा पिऊनच गेल्या.